लाल कापडाचे चार कोपरे

गुरुवारी दुपारी साडेबारा ते एक या अर्ध्या तासात काटकोनरावांनी जे काही केलं, ती त्यांच्या मते घराची सेवा होती. एक वाजून दहा मिनिटांनी ते पाप ठरलं. मधली दहा मिनिटं त्यांनी फार समाधानात घालवली होती आणि ते समाधानच त्यांना पुढचे वीस तास टोचत राहिलं.

काटकोन हे नाव त्यांना कार्यालयानं दिलं. चौतीस वर्षं नकाशे काढण्यात गेली. त्यांच्या हातून एकही नदी वाकडी गेली नाही, असं साहेब निरोपाच्या भाषणात म्हणाले. नदी वाकडीच असते, हे साहेबांना सांगायचा मोह त्यांनी आवरला, कारण हार अजून गळ्यात पडायचा होता. पुढे हे नाव बायकोनं उचललं आणि सासरच्या मंडळींनी त्याला राव जोडून जावयाचा मान राखला.

निवृत्त माणसाला घरातल्या वाकड्या गोष्टी दिसायला लागतात. पहिल्या वर्षी काटकोनरावांनी भिंतीवरच्या तसबिरी सरळ केल्या. दुसऱ्या वर्षी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, त्यामुळे तीन दिवस चहात मीठ पडलं. तिसऱ्या वर्षी ते बायकोच्या शिवणाच्या खोलीत शिरले आणि तिची बटणं व्यासाप्रमाणे वेगळी केली. बायकोनं ती रंगाप्रमाणे आणि सदऱ्याप्रमाणे ठेवली होती. त्या दिवशी तिनं आवाज चढवला नाही. "यापुढे दारातून बघायचं," एवढंच म्हणाली. "हात पाठीमागे." काटकोनरावांनी तिथल्या तिथे शपथ घेतली आणि ती गेलं वर्षभर पाळलीही होती.

पण सध्या घरात कुणाचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं आणि त्याला कारण ताई.

ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण. अकरा वर्षांपूर्वी बायकोनं आयुष्यातली पहिली गोधडी शिवली ती ताईसाठी, पांढऱ्यावर लाल चौकटींची. ताईनं ती कौतुकानं पलंगावर घातली. दोन महिन्यांनी धुवायला टाकली, तेव्हा मशीनमधून गोधडी गुलाबी होऊन बाहेर आली आणि सोबत टाकलेली ताईची सगळ्यात चांगली पांढरी चादरही गुलाबी झाली. त्यात लाल कापड आटलं आणि पांढरं आटलं नाही. मग गोधडी जागोजाग अशी आखडली, की अंगावर घेतली तर कुणी चिमटे काढतंय असं वाटावं. ताईनं फोन करून एकच विचारलं, "शिवण्याआधी लाल धुतलं होतंस ना गं?"

"धुतलं होतं की," बायको म्हणाली. "तुझ्या साबणाचं काहीतरी असेल."

धुतलं नव्हतं. लाल कापड दुकानातून आलं ते थेट कात्रीखाली गेलं होतं. काटकोनराव त्या वेळी शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत होते आणि त्यांना हे चांगलं ठाऊक होतं. पण नवऱ्यानं कुठल्या क्षणी पेपर वाचतच राहायचं असतं, हे कळण्याइतका संसार त्यांचा झाला होता.

त्यानंतर बहिणींनी अबोला धरला असं नाही. त्या बोलत होत्या, आणि ते अबोल्याहून वाईट होतं. "बरी आहेस ना?" "बरी आहे. तू?" "मीही बरीच." वेधशाळा उद्याचं तापमान याहून मायेनं सांगते.

आणि तीन आठवड्यांपूर्वी ताई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड बसवावं लागलं. घरी आल्यावर तिनं अंथरुणातून फोन केला. "पायाला थंडी वाजते गं रात्रंदिवस. एक गोधडी शिवून दे." मग थोडं थांबून म्हणाली, "लाल घाल त्यात." आणि फोन ठेवला.

बायको फोन हातात धरून बराच वेळ बसून राहिली. "लाल घाल म्हणाली," ती नवऱ्याला म्हणाली. त्या दिवसापासून तिला एका जागी बसवेना. नऊ कापडं आणली. एक धुवायची, वाळवायची, इस्त्री करायची, पुन्हा भिजवायची. आज पिवळं, उद्या निळं, मध्येच परत लाल. अकरा वर्षांत ती कापड धुण्याच्या बाबतीत कडक झाली होती. "कापडाला काय रडायचं ते आपल्या घरी रडून घेऊ दे," असं ती म्हणे. "लोकांच्या पलंगावर नको."

तर गुरुवारी बायको गोधडीच्या आत घालायचा कापसाचा थर आणायला गेली. काटकोनराव शिवणाच्या खोलीच्या दारात हात पाठीमागे बांधून उभे होते. टेबलावर नऊ कापडं पसरून ठेवली होती. पिवळ्याचा एक कोपरा कापलेला. निळ्याचे दोन. दोन कापडांना कात्री लागलेलीच नाही. आणि लाल कापडाचे तीन कोपरे छाटलेले, चौथा जिथल्या तिथे. आणि छाटलेले तरी कसे, एक नखाएवढा, दुसरा अंगठ्याएवढा, तिसरा घाईत उंदरानं कुरतडावा तसा.

चार कोपऱ्यांपैकी तीनच कापून माणूस जेवायला कसा बसू शकतो, हे काटकोनरावांना कळेना. ते दारातून परत फिरले, पाणी प्यायले, पुन्हा दारात आले. चौथा कोपरा त्यांच्याकडे बघत होता. शेवटी त्यांनी कपाटातून कोन आखायचा आपला जुना गुण्या काढला, पेन्सिलीला टोक केलं आणि हात पुढे घेतले.

अर्ध्या तासात नऊ कापडांचे छत्तीस कोपरे पंचेचाळीस अंशांत, प्रत्येकी एक इंच, एकसारखे झाले. आधीचे वेडेवाकडे काप त्यांनी त्याच मापात बसवले. कापून पडलेले तुकडेसुद्धा वाऱ्यावर सोडले नाहीत, कारण चौतीस वर्षांत त्यांनी कधी कागदाचं कात्रणही खाली पडू दिलं नव्हतं. मग खुर्चीत बसून बायकोची वाट बघू लागले. ती आधी गप्प होईल, मग डोळे पुसेल, असा त्यांचा अंदाज होता.

बायको कापसाची गुंडाळी काखेत मारून आली तीच फोनवर बोलत. पलीकडे तिच्यासारखीच गोधड्या शिवणारी एक मैत्रीण होती.

"छे, वही कुठली ठेवतेस," बायको चपला काढता काढता सांगत होती. "माझं सोपं आहे. एका पाण्याला एक कोपरा. एकदा धुतलं, एक कोपरा कापला. रंग जात राहिला की दुसरं पाणी, दुसरा कोपरा. पाणी नितळ आलं की थांबायचं. ज्याचा कोपरा शाबूत ते कोरं. डोक्यात काही ठेवायचंच नाही, सगळं कोपऱ्यात."

काटकोनराव खुर्चीतून उठले आणि का उठलो ते न कळून परत बसले.

बायको शिवणाच्या खोलीत गेली. आत कापडं एकेक उलटल्याचा आवाज आला. मग ती बाहेर आली, त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "जेवलात?"

"हो. म्हणजे नाही."

"काही सांगायचंय का?"

"मला? छे. काय सांगणार?"

"मला वाटलं, काही असेल." ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथून जरा मोठ्यानं म्हणाली, "उद्या दुपारी कात्री लावते म्हणते. लालपासून सुरुवात."

सांगून टाकणं सोपं होतं. पण बटणांच्या शपथेला जेमतेम वर्ष झालं होतं आणि शिवाय हे बटणांसारखं नव्हतं. बटणं परत लावता आली होती. आता कोरं कुठलं, धुतलेलं कुठलं, लालचा रंग सुटायचा थांबला की नाही, हे सांगणारी एकमेव गोष्ट त्यांनी गुण्या लावून पुसून टाकली होती. कुठल्या कापडाचे किती कोपरे छाटलेले होते ते आठवायला गेलं, तर त्यांना नुसता वाकडेपणा आठवत होता. उद्या हे लाल ताईच्या पायावर जाणार, पहिल्याच धुण्यात सुटणार आणि बहिणी पुढची अकरा वर्षं एकमेकींना बरी आहेस ना विचारत राहणार. ताई सत्तरीच्या पुढे गेली होती. पुढच्या अकरा वर्षांची खात्री कोण देणार?

सांगायच्या आधी शोधून काढावं, असं त्यांनी ठरवलं. म्हणजे कदाचित सांगावंच लागणार नाही. संध्याकाळी ते फिरायला म्हणून निघाले आणि तडक कोपऱ्यावरच्या लाँड्रीत गेले. लाँड्रीवाला इस्त्री फिरवत होता.

"एक विचारायचं होतं," काटकोनराव म्हणाले. "एका ओळखीच्या माणसाचं आहे."

"असतंच," लाँड्रीवाला म्हणाला. "इथे येणाऱ्या सगळ्यांचं ओळखीच्या माणसाचंच असतं. डाग कशाचा?"

"डाग नाही हो. कापड धुतलेलं आहे की कोरं, हे नुसतं बघून कळतं का?"

"हात लावून बघायचं. कोऱ्याला खळ असते, कडक लागतं."

"इस्त्री केलेली असेल तर?"

"मग पाण्याचा थेंब टाका. कोऱ्यावर तसाच बसून राहतो, धुतलेल्यात मुरतो."

"आणि एकदा धुतलंय की तीनदा, हे?"

लाँड्रीवाल्यानं इस्त्री उभी केली. "हे ज्यानं धुतलं त्याला विचारायचं."

"विचारता येण्यासारखं नाहीये."

"बरं," लाँड्रीवाला म्हणाला आणि सहानुभूतीनं इस्त्री पुन्हा उचलली. "वहिनींना नमस्कार सांगा."

त्या रात्री काटकोनरावांनी उशीच्या अभ्र्याचे चारही कोपरे बोटांनी चाचपून पाहिले. याहून अधिक सांगण्यासारखं काही झालं नाही. बायको शेजारी शांत झोपली होती. जरा जास्तच शांत, पण हे त्यांच्या लक्षात यायला अजून काही तास होते.

शुक्रवारी सकाळी बायको चालायला गेली. दार लागल्याबरोबर काटकोनराव वाटीत पाणी आणि डोळ्यांत औषध घालायची नळी घेऊन शिवणाच्या खोलीत शिरले. नऊ कापडांवर नऊ थेंब टाकले. दोन थेंब तसेच बसून राहिले, तेव्हा ती दोन कोरी. सात मुरले. लालचाही मुरला. म्हणजे लाल धुतलेलं होतं, पण किती वेळा? त्यांनी लाल कापडाचा वास घेतला. कान लावून ते चुरगळून पाहिलं. इकडेतिकडे बघून कडेला जीभही लावून पाहिली. कापडानं काही कबूल केलं नाही.

मग त्यांनी निर्णय घेतला. एक पाणी आपल्या हातानं द्यायचं. नितळ निघालं तर वाळवून, इस्त्री करून जागच्या जागी.

न्हाणीघरात बादलीत लाल कापड बुडवून त्यांनी दोनदा दाबलं आणि पाणी गुलाबी झालं. नुसतं छटा आल्यासारखं नव्हे, चांगलं भरघोस. त्यांनी ते ओतलं, दुसरी बादली भरली. पुन्हा गुलाबी, किंचित कमी, की तसंच? ठरवता येईना. रंग नीट दिसावा म्हणून काहीतरी पांढरं हवं होतं. जवळ दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यांनी अंगातलं बनियन काढून बादलीत टाकलं. रंग नीट दिसला. बनियन गुलाबी झालं, हात मनगटापर्यंत गुलाबी झाले आणि बाहेर दार उघडल्याचा आवाज आला.

बायको न्हाणीघराच्या दारात उभी राहिली. तिनं बादली पाहिली, उघडा नवरा पाहिला, बादलीतून डोकावणारं बनियन पाहिलं. लाल कापड बनियनाच्या खाली होतं.

"बनियन धुताय वाटतं," ती म्हणाली.

सुटकेचं दार असं आयतं उघडं मिळायला माणसाला नशीब लागतं. हो म्हटलं की संपलं. काटकोनरावांचं तोंड हो म्हणण्यासाठी उघडलंही. पण त्यांना एकदम अकरा वर्षांपूर्वीची ती खुर्ची आणि तो पेपर आठवला. त्या दिवशी पेपरात काय होतं ते मात्र काही केल्या आठवेना.

"नाही," ते म्हणाले. "खाली लाल आहे. काल मी सगळ्यांचे कोपरे कापले. मला माहीत नव्हतं ते पाण्याचे आहेत. मला वाटलं, तुझे राहून गेलेत."

बायकोनं न्हाणीघरातलं बुटकं स्टूल ओढलं आणि त्यावर बसली.

"एक वाजून दहा मिनिटांनी कळलं मला," ती म्हणाली. "माझी कात्री इतकी सरळ चालत नाही हो. टेबलावर पंचेचाळीस अंशांत छत्तीस कोपरे बघितल्यावर चोर शोधायला लागत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"वाट बघत होते. म्हटलं, सांगतील. जेवताना सांगतील, चहाच्या वेळी सांगतील. फिरायला गेलात, म्हटलं धीर गोळा करायला गेले असतील."

"लाँड्रीत गेलो होतो."

"माहीत आहे. आत्ता वाटेत भेटला. ओळखीच्या माणसाचं काय झालं म्हणून विचारत होता." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "कालपासून जीव नुसता वरखाली होतोय माझा. कोपऱ्यांचं एवढं नाही. लाल मला पाठ आहे, तीन पाणी झालीत, रोज रंग सोडतंय. पण तुम्ही सांगत का नाही, याचंच. वाट बघणं फार वाईट असतं हो. मी एक दिवस बघितली."

बादलीतल्या पाण्यात नळाचा एक थेंब पडला.

"ते कोपऱ्यांचे तुकडे," थोड्या वेळानं ती म्हणाली. "टाकलेत ना कचऱ्यात?"

"छे. टेबलाच्या खणात, पाकिटात आहेत. प्रत्येक कापडाचं पाकीट वेगळं, वर नाव घातलंय."

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं. मग उठून बाहेर गेली आणि टेबलाच्या खणातून नऊ पाकिटं घेऊन आली. पिवळ्याचं पाकीट तळहातावर उलटं केलं. तीन तुकडे टोकदार, पूर्ण त्रिकोण. चौथा नुसती पट्टी, त्याला टोकच नव्हतं.

"टोकदार ते तुम्ही पहिल्यांदा कापलेत," ती म्हणाली. "टोक नसलेला माझ्या कापाचा उरलेला. म्हणजे पिवळ्याला एक पाणी. सगळं आहे की इथे."

काटकोनरावांनी पट्टीकडे पाहिलं. ज्याच्यासाठी वीस तास जीव टांगणीला लागला, कापडाला जीभ लावली, ते उत्तर त्यांच्याच अक्षरातल्या नऊ पाकिटांत कालपासून खणात पडून होतं. कुणाला विचारलं असतं तर अर्ध्या मिनिटात मिळालं असतं. पण विचारायला आधी सांगावं लागलं असतं.

"फोन द्या माझा, तो फळीवरचा," बायको म्हणाली. "नको, हात ओले आहेत तुमचे. बरं, द्या तसाच."

तिनं नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन काटकोनरावांच्या गुलाबी हातात धरायला दिला.

"बरी आहेस ना?" पलीकडून ताई म्हणाली.

"ताई, ते लाल मी तेव्हा धुतलं नव्हतं."

काटकोनराव फोन सरळ धरून उभे राहिले.

"हं," ताई म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, "मला तेव्हाच कळलं होतं. धुतलेल्या कापडाचं असं होत नाही."

"मग म्हणाली का नाहीस?"

"म्हटलं, तू म्हणशील. महिनाभर वाट पाहिली. मग वाट बघायची सवय लागली." ताई खोकली. "आणि माझ्या साबणाला नावं ठेवलीस. तो साबण मी अजून वापरते, मुद्दाम."

बायको हसली की रडली, ते न्हाणीघरातल्या उजेडात नीट दिसलं नाही. "आणि ती चादर?" तिनं विचारलं.

"आत्ता तिच्यावरच पडलेय. चांगली चादर आहे, गुलाबी झाली म्हणून काय टाकायची? गोधडी तेवढी मांजराला दिली. त्याला चिमटे लागत नाहीत."

"आता लाल पुरतं धुऊनच घालते. खरंच."

"कितवं पाणी?"

"माझी तीन झाली. आता ही दोन." बायकोनं बादलीकडे पाहिलं. "अजून सुटतंय."

"ही दोन म्हणजे? कोण धुतंय?"

"काटकोनराव."

"मग पुढची पण त्यांनाच धुऊ दे," ताई म्हणाली. "त्या वेळी पेपर वाचत होते ना ते? मला पान उलटल्याचा आवाज आला होता. आणि दुसरं लाल आणू नकोस हं, तेच पाहिजे मला. पाणी नितळ आलं की फोन कर. त्याआधी पण कर."

फोन बंद झाला. काटकोनरावांनी तो काळजीपूर्वक कोरड्या फळीवर, फळीच्या कडेला समांतर ठेवला.

"पाचवं पाणी झालं," बायको म्हणाली. "कोपरे मात्र चारच." तिनं शिवणाच्या खोलीतून कात्री आणून त्यांच्या हातात दिली. "करा खूण."

काटकोनरावांचा हात सवयीनं गुण्यासाठी चाचपडला. बायकोनं मान हलवली. मग त्यांनी लाल कापड पिळलं आणि कालच्या एका सुरेख, एक इंचाच्या, पंचेचाळीस अंशांच्या कापाच्या मधोमध डोळे मिटून कात्री मारली. काप वाकडा झाला. चांगलाच वाकडा झाला.

मग त्यांनी गुलाबी पाणी ओतलं, बादली विसळली आणि सहाव्या पाण्यासाठी नळाखाली ठेवून भरली. दोघंही वाकून आत बघत राहिली. बादलीचा तळ स्पष्ट दिसत होता. पाणी अगदी नितळ होतं, पण त्यात अजून कापड घातलं नव्हतं.